चाचाचा नाच

नागपूर
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय इंदूताई,

सप्रेम जयभीम. रविवारी दुपारी मी खोलीवर का सापडत नाही, असं तू विचारलंस. घरमालकिणीनं तुला काय काय लिहिलंय देव जाणे, पण दारूबिरू काही नाही. मी नाच शिकतोय. आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

आमच्या कॉलनीतल्या क्लबात एक मास्तर येतात. मूळचे गोव्याचे. जन्मभर बँडमध्ये ट्रंपेट वाजवलं, आता दम पुरत नाही म्हणून विलायती नाच शिकवतात. तिथं शिकायला येतात ती सगळी साहेबलोकांची मुलं. मी ऑफिसातला नवा कारकून, मला खुर्च्या मांडायला पाठवलं होतं. मास्तर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू खुर्चीसुद्धा तालात ठेवतोस." झालं, त्या दिवसापासून मी अडकलो. जोडीनं नाचायचं असतं. माझी जोडीदार आमच्याच ऑफिसातली यमुना. तुझ्या डोक्यात आता जे आलं असेल ते काढून टाक.

मोठेबाबांना मात्र यातलं एक अक्षर सांगू नकोस. दहावीत असताना मी वरातीत नाचलो, तेव्हा ते तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते, आठवतं ना? माझे आई-बाबा गेल्यावर त्यांनीच मला पुतण्या न मानता पोरासारखं वाढवलं. पोरगा टेबलाशी बसून लिहील, एवढं एकच त्यांचं स्वप्न. ते मी करतोच आहे. पण ताई, एकदा त्यांनी मला नाचताना पाहावं आणि रागावू नये, असं मला फार वाटतं. वेड्यासारखं वाटतं म्हणालीस तरी चालेल.

तुझा
सुधाकर


सौसर
१८ फेब्रुवारी १९८६

प्रिय सुधाकर,

हसले. आईला कारण सांगता येईना म्हणून शाळेतल्या पोरांचं नाव पुढे केलं.

बाबांचं म्हणशील तर काही बदललेलं नाही. रेडिओवर ढोलकी वाजली की उठून बटण पिरगाळतात. आई म्हणते, "काय बाप्पा, त्या ढोलकीनं तुमचं काय घोडं मारलं?" बाबा चपला घालतात आणि बसस्टँडवर जातात. तिकिटाच्या खिडकीत बसले की मात्र चेहरा खुलतो. छिंदवाड्याचे हिंदीवाले ड्रायव्हर त्यांना चाचा म्हणायला लागले आणि आता सगळं सौसरच म्हणतं. परवा पहिलीतल्या एका पोरानं मला विचारलं, "तुम्ही चाचाची पोरगी ना?"

आता कामाचं. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचं या वर्षी माझ्याकडे दिलंय. दरवर्षी तेच. तीन भाषणं, दोन गाणी, पुन्हा एक भाषण, आणि मागच्या रांगा रिकाम्या. मोहगाव-बोरगावची मंडळी बैलगाड्या जुंपून येतात, त्यांना काही नवं दाखवावं असं मंडळाच्या प्रभाकरभाऊंचं म्हणणं. मग तूच का नाचत नाहीस? बाबा पहिल्या रांगेत असतील. तुला जे फार वाटतं ते समोरासमोरच होऊन जाऊ दे. तीन दिवस नाही बोलले तर नाही बोलले, तू चौथ्या दिवशी नागपुरात असशील.

हँडबिलात काय छापायचं ते लगेच कळव. प्रभाकरभाऊ पांढुर्ण्याच्या छापखान्यात जायची घाई करून राहिले.

इंदू


नागपूर
२७ फेब्रुवारी १९८६

ताई,

दोन दिवस झोप नाही लागली, पण येतो. यमुनाही यायला तयार आहे. जोडीनं हात धरून नाचायचं म्हणजे सौसरला काय होईल ते तू बघून घे. कंबर जरा कमी हलवू.

हँडबिलात माझं नाव नको, मोठेबाबा आधीच वाचतील. फक्त नाचाचं नाव टाक. सोपं आहे: चाचाचा. लांब क्यूबा नावाचं बेट आहे, उसाचं. मास्तर सांगतात की तिथले लोक नाचताना जमिनीवर पाय घासायचे, त्याचा आवाज चा-चा-चा, म्हणून ते नाव. मग तो नाच अमेरिकेत, विलायतेत गेला. तिथल्या हॉलवाल्यांनी त्याचं माप काढलं, कुठलं पाऊल कुठे ते ठरवून टाकलं. आम्ही शिकतो तो असा मापात बसवलेला.

एवढंच लिही: विशेष आकर्षण, चाचाचा नाच.

सुधाकर


सौसर
२१ मार्च १९८६

सुधाकर,

हे पत्र बसून वाच.

तू लिहिलंस ते मी जसंच्या तसं कागदावर उतरवून प्रभाकरभाऊंना दिलं. मला तरी कुठं सुचलं? त्यांनी छापून आणलं. पाचशे हँडबिलं, गुलाबी कागद, मधोमध ठळक: "विशेष आकर्षण: चाचाचा नाच".

वाच पुन्हा. मोठ्यानं वाच. चाचाचा. म्हणजे कोणाचा? चाचाचा!

मोहगाव, बोरगाव, पार जामसांवलीच्या फाट्यापर्यंत कागद वाटून झालेत. सगळ्या सौसरला वाटतं की १४ तारखेला आपला तिकिटवाला चाचा नाचणार. प्रभाकरभाऊंनाही तेच वाटलं. मला म्हणाले, "मी तर खूश झालो पोरी, म्हटलं दादारावनं तीस वर्सानं हो म्हटलं." तीस वर्षांनी म्हणजे काय, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

खिडकीवर रांग लागते ती तिकिटासाठी कमी आणि चौकशीसाठी जास्त. "चाचा, एक पांढुर्णा. आन का हो, घुंगरू बांधून राहिले का?" एका ड्रायव्हरनं गाडी सुरू ठेवून खाली उतरून हात जोडले. बाबांनी हँडबिल घडी करून खिशात ठेवलं. घरी आले, जेवले, एक शब्द बोलले नाहीत. आज चौथा दिवस. तू वरातीत नाचलास त्याचा विक्रम मोडला.

मी काय करू ते लिही. लवकर लिही.

इंदू


नागपूर
२६ मार्च १९८६

ताई,

तुझं पत्र घेऊन तडक क्लबात गेलो. मास्तरांना सांगितलं तर ते खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. त्यांना मराठीतला 'चा' समजावून सांगता सांगता मलाही हसू आलं, मग रडू आलं.

दुसरी हँडबिलं छापा. "चुकीची दुरुस्ती" म्हणून गावात सांगा. सगळा दोष माझ्यावर टाक. मोठेबाबांना सांग की सुधाकर नाचतो, गेल्या वर्षापासून नाचतो, आणि ही चूक त्याची. आता लपवून काही उपयोग नाही. त्यांची गावभर थट्टा व्हावी आणि ती माझ्यापायी, हे मला सहन होणार नाही.

आणखी एक. यमुनाचं लग्न ठरलं, १३ एप्रिललाच. ती काही येत नाही. मुलगा अमरावतीचा आहे, म्हणे बँकेत आहे. बरं झालं. तसं बरंच झालं.

सुधाकर


सौसर
१ एप्रिल १९८६

प्रिय सुधाकर,

यमुनाबद्दल मी काही विचारत नाही. तू दोनदा "बरं झालं" लिहिलंस तेवढं पुरे.

रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं. तू नाचतोस ते, मास्तरांचं, हँडबिलाचं. वाटलं आता पायताण उचलतात. त्यांनी बाज अंगणात ओढली, बसले आणि म्हणाले, "बस इंदू. तुले माहीत नाही ते सांगतो."

सुधाकर, आपले बाबा दंडारीत नाचायचे! दिवाळीनंतर गावोगाव फिरून खेळ करायची ती दंडार. त्यात बाईचं काम पुरुष करतो, लुगडं नेसून. बाबा ते करत. प्रभाकरभाऊ म्हणतात की चार गावांत तसा पाय कोणाचा नव्हता. पण नाच स्वतःच्या खुशीचा नव्हता. गावचा मालक मालगुजार, त्याच्या घरी बारसं असो, हळद असो, माणूस यायचा आणि म्हणायचा, चला. ताप असला तरी चला. बाबा सांगत होते, "मायी माय गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी बी बोलावणं आलं. गेलो. नाचलो. छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली, आन वापस येताना लुगडं कन्हानच्या पान्यात सोडून देल्लं. म्हटलं, आता कोनाच्या बोलावन्यावर पाय उचलणार नाही." म्हणून ढोलकी ऐकवत नाही त्यांना. राग नाही तो. आवडतं म्हणून ऐकवत नाही, असं मला वाटलं, आणि मी उठून पाणी आणायला गेले.

मग त्यांनी विचारलं, "हा जो नाच हाय, हा कोन्या मालकाचा हाय?" मी म्हटलं, कोणाचाच नाही. बेटावरच्या लोकांचा, आपापल्या खुशीनं नाचायचा. "अन आपल्याकडं या नाचावर कोनी कोनाले नाचवलं नाही?" म्हटलं, आपल्याकडं तो अजून कोणी पाहिलाच नाही. बरंच हसले. खिशातून गुलाबी कागद काढला आणि म्हणाले, "छापलं ना? टाइमटेबलात छापली ते गाडी सुटलीच पाह्यजे. सुधाकरले लिही, पाय कसे टाकाचे ते धाड."

आई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसून राहिली होती.

तेव्हा पाय कसे टाकायचे ते धाड. तेरा दिवस आहेत.

इंदू


नागपूर
४ एप्रिल १९८६

प्रिय ताई,

पत्र तीनदा वाचलं. मला मोठेबाबांनी कधीच काही सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

सोबत कागद आहे, त्यावर पावलं काढलीत. डावा पाय पुढे, वजन त्यावर. उजवा जागच्या जागी. मग डावा बाजूला, उजवा त्याच्याजवळ, पुन्हा डावा बाजूला. हे तीन झटपट, तेच चा-चा-चा. मग उजवा मागे, डावा जागच्या जागी आणि उजवीकडे चा-चा-चा. गुडघे सैल ठेवायचे. कंबरेचं मोठेबाबांना मी कसं सांगू, तूच सांग.

कॅसेट मी आणतो. १३ तारखेला छोट्या लाइनच्या गाडीनं येतो.

सुधाकर


नागपूर
२४ एप्रिल १९८६

प्रिय इंदूताई,

येऊन आठवडा झाला, पण अजून मी सौसरच्या स्टेजवरच आहे. तू खाली बायकांत बसली होतीस, वर काय झालं ते तुला नीट दिसलं नसेल, म्हणून लिहितो.

आदल्या दिवशी सराव करताना मी मोठेबाबांच्या समोर उभा राहिलो आणि पहिल्याच पावलाला त्यांनी माझा अंगठा चेचला. मी पुढे, तेही पुढे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पत्रात मी फक्त माझीच पावलं काढली होती, जोडीदाराची उलटी पावलं पाठवायचं विसरलो! मी म्हटलं, तुम्ही आता मागे जायचं शिका. ते म्हणाले, "आता मागं नाही होत. तू माया बाजूनं ये." आलो. दोघे शेजारी शेजारी, लोकांकडे तोंड करून. हात धरायचा प्रश्नच मिटला.

स्टेजवर कॅसेटनं चार ताल दिले आणि लाइट गेली. पेट्रोमॅक्स होता म्हणून अंधार नाही झाला, पण गाणं बंद. मी थांबलो, मोठेबाबांचे पाय चालूच होते. तेवढ्यात खालून मंडळाच्या उत्तमकाकांनी गाण्यांसाठी आणलेली ढोलकी घेतली. त्यांना कोण सांगणार की हा क्यूबाचा ताल आहे? त्यांनी मोठेबाबांचे पाय पाहिले आणि पायांवरून ताल धरला. तो ताल जरा लंगडत चालायचा, आणि चा-चा-चाच्या जागी थाप अशी पडायची की मागच्या रांगेतले लोक बैलगाड्यांवर उभे राहिले. कंबर मोठेबाबांनी हलवलीच नाही. सगळं खांद्यांत आणलं. मी त्यांच्याकडे बघून नाचत होतो, ताई. वर्षभर मास्तरांनी शिकवलेलं त्यांना बघून पहिल्यांदा कळलं. खाली उतरल्यावर ते मला म्हणाले, "पाय चांगला हाय तुया." एवढंच. मला आणखी काही नको होतं.

पण आता एक अडचण झाली आहे. मी येऊन मास्तरांना करून दाखवलं. ते ओरडले, "कंबर कुठे गेली?" मी म्हटलं सौसरच्या लोकांनी काढून घेतली. ते म्हणाले, असंच पाहिजे, जिथे जाईल तिथे थोडा बदलला नाही तर तो नाच कसला, विलायतवाल्यांनीही आपल्या सोयीनं बदललाच. त्यांनी क्लबाच्या सेक्रेटरीला सांगितलं. १७ मेला क्लबाचा वार्षिक कार्यक्रम आहे, मोठा हॉल, मोठे साहेब, आणि त्यातून निवडलेली जोडी मुंबईच्या स्पर्धेला जाते. सेक्रेटरी म्हणतात, काका-पुतण्यांना आणा. पण नागपूरच्या लोकांना दोन पुरुष शेजारी नाचलेले काय समजणार, गावरान काही दिसलं पाहिजे. काकांनी लुगडं नेसावं, नाकात नथ, म्हणजे हशा पिकेल. लुगडं नसेल तर नाव घेणार नाहीत.

मुंबईचं खोटं कशाला बोलू, मला फार जायचंय. पण हे मोठेबाबांच्या कानावर घालू नकोस. मी सांगतो की तारीख जमत नाही.

सुधाकर


सौसर
३ मे १९८६

सुधाकर,

कानावर घालू नकोस हे सांगायला तुला उशीर झाला. पोस्टमननं तुझं पाकीट घरी न आणता बसस्टँडच्या खिडकीत दिलं. बाबांनी वाचलं. सगळं वाचलं.

घरी आले, पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "त्याले मुंबईले जाचं हाय." मी म्हटलं, बाबा, तुम्हाला काही करायची गरज नाही. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून पांढुर्ण्याला गेले. शिंप्याकडे पांढऱ्या पँटचं माप देऊन आले. म्हणजे येणार हे नक्की. पण लुगड्याचं विचारलं तर म्हणतात, "पाहू."

हे "पाहू" मला अजिबात आवडलं नाही. तुझ्यासाठी ते काहीही करतील रे. त्या नदीत सोडलेलं पुन्हा अंगावर घेतील आणि वर हसतील, तुला कळणारही नाही. आणि मला छिंदवाड्याला शिक्षकांच्या शिबिराला जावं लागतंय, १७ ला मी नसेन. तूच आहेस तिथे. सांभाळ त्यांना. मुंबई राहिली तर राहिली, हे तुला सांगायला लागू नये.

शिबिराचा पत्ता मागे लिहिला आहे.

इंदू


नागपूर
१९ मे १९८६

चि. इंदूस अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र मी लिहितो आहे कारण सुधाकरला लिहू दिलं तर तो चार पानं रडेल. तुला जे घडलं ते क्रमानं सांगतो.

गाडी वेळेवर पोचली. हॉल मोठा आहे. आपल्या चार शाळा मावतील. सेक्रेटरी साहेब चांगला माणूस, घाईचा आहे. त्यांनी हिरवं लुगडं पिशवीतून काढलं. मी हात लावून पाहिलं, सूत उत्तम होतं. त्यांना म्हटलं, "साहेब, हे मले नको. घरी नेऊन बाईले देऊ का? तिले शोभल." साहेब लाल झाले. म्हणाले मग नाव काढावं लागेल. मी सुधाकरला बाजूला घेतलं. विचारलं, "पोरा, खरं सांग. तुयं काम अडून राहिलं का? अडत असन तर मी नेसतो, मले काही वाटत नाही." हे खोटं होतं, पण बोललो. तो म्हणाला, "मोठेबाबा, अडू द्या. आपन घरी जाऊ." आणि त्यानं बूट काढायला घेतले. इंदू, मला त्याचा फार अभिमान वाटला. मी त्याला हे बोललो नाही, तू सांग.

मग ते गोव्याचे मास्तर आले. त्यांनी सेक्रेटरींना इंग्रजीत काही ऐकवलं. मला त्यातलं फक्त माझं नाव कळलं. मग आम्ही पांढऱ्या पँटीतच नाचलो. ढोलकी मास्तरांनी बँडवाल्याकडून वाजवून घेतली, उत्तमसारखी नाही झाली, पण चालली. मग टाळ्या. खूप टाळ्या.

त्यानंतर पुढच्या रांगेतले मोठे साहेब उठले आणि हात वर करून म्हणाले, "पुन्हा एकदा होऊ द्या!" सगळा हॉल तेच म्हणू लागला. सुधाकर जागेवर उभा राहिला, पाय तयार. माझे पायसुद्धा तयार झाले, सवय जुनी आहे. तेवढ्यात मी थांबलो. माइकपाशी गेलो, हात जोडले, म्हटलं, "साहेब, लई खुशी झाली. पन आता झालं. मी बसतो." आणि खाली उतरून रिकामी खुर्ची होती तिच्यावर बसलो.

मला वाटलं, आता काही होतं की काय. काही झालं नाही. शेजारच्या बाईंनी टेबलावरचा पंखा माझ्याकडे फिरवला. मोठे साहेबही हसले आणि बसले. मी छप्पन वर्षांचा झालो, पोरी, नाचाची मजा मला माहीत होती. नाही म्हणून बसायची माहीत नव्हती. घाम वाळेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

मुंबईला कोण जाणार ते त्यांनी अजून सांगितलं नाही. सुधाकर म्हणतो, न सांगोत.

तुझ्या आईला कळव की मी आणखी आठवडाभर इथेच आहे. मास्तरांच्या वर्गातल्या मुलांना आपल्या सौसरचा नाच शिकायचा आहे. मास्तर काल खोलीवर आले होते, चहा घेतला आणि मला विचारलं, याल का. बोलावलं नाही, विचारलं. म्हणून मी हो म्हटलं.

तुझा बाबा,
दादाराव